अर्धं टमरेल
दुष्काळाचं साल होतं. उद्यापासून भागिरथी खडी फोडायला जाणार आणि घरी उरणार आंधळी सासू नि तीन वर्षांचा नाथा. म्हणून तिनं भिंगारच्या घरामागल्या संडासात लहान पावलांसाठी दोन विटा मांडल्या, पोराच्या हाती अर्धं टमरेल पाणी दिलं आणि दार लोटून बाहेर उभी राहिली. "बसलास का रं?" "व्हय." "भ्यायचं न्हाई." "न्हाई." मग दोन हाका मारल्या तरी आवाज येईना. भोक केवढं नि पोर केवढं! तिनं दार ढकललं. नाथा विटांवर उभा होता, टमरेल छातीशी धरून, श्वास रोखून. "बोलत का न्हाईस?" "पानी सांडंल ना." "धुतलंस?" "न्हाई." टमरेलातलं पाणी तसंच होतं. पाणी सांडलं की फटका, हे महिनाभर तिनंच शिकवलं होतं. आता सांडायला शिकवायचं, उद्या उजाडायच्या आत.