लिंबाखालचा उजेड

गळका टँकर रोज जिथं उभा राहायचा, तिथल्या लिंबाच्या कुजक्या खोडावर कुत्र्याच्या छत्र्या उगवल्या आणि अंधार पडला की हिरव्या उजळू लागल्या. गावातल्या केवळाबाईनं त्यांना कुंकू वाहिलं. ऐन दुष्काळात गावाला देव पावला म्हणून उदगीरहून माणसं बघायला येऊ लागली.

मग नव्या जिल्ह्याचे साहेबही जीप घेऊन आले. वाकून बघितलं आणि म्हणाले, "चमत्कार वगैरे काही नाही. ओल असल्याशिवाय हे उगवतच नाही."

"हाव साहेब, लई ओल हाय. हात लावून बघा की," सरपंच दगडोबा कौतुकानं बोलले. साहेबांनी हात लावून बघितला.

आठ दिवसांनी टँकर बंद झाल्याचा कागद आला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं:


"गावात ओल आढळली."