दंडातली डबी

"ओठ सोलून निघालेत, नुसतं बोट लागलं तरी कातडं सुटतंय, आणि औषध थांबवायची परवानगी म्हणे परवा मिळणार?" मडावी सिस्टर भिंतीवरच्या कंपनीच्या बोलत्या पडद्यावर कडाडल्या.

"औषध नियमित घेणं रुग्णाच्या हिताचं आहे," पडदा गोडपणे म्हणाला.

खाटेवर कुसाबाई कण्हत होती. तिच्या दंडात औषध कंपनीने बसवलेली डबी फिट येऊ नये म्हणूनचं औषध तासातासाला रक्तात सोडत होती, आणि तेच औषध तिला जिवंतपणी सोलत होतं.

"जरा कळ काढ, बाई." दंड बधिर करून सिस्टरांनी ब्लेड चालवलं आणि डबी उपटून ट्रेमध्ये आपटली.

"डबी काढणं गुन्हा आहे," पडदा म्हणाला. "आपलं नाव सांगा."

"इंदुमती मडावी. आणि त्याखाली लिही, मेल्या, पेशंट अजून जिवंत आहे."