सील पॅक

“कुंकू हाय हे,” सलमान म्हणाला.

शिरूरच्या स्टँडजवळ त्याचं मोबाइलचं दुकान. काच बसवण्याआधी तो ब्रशनं मोबाइलची खालची जाळी साफ करत होता, जिथून आवाज येतो ती. ब्रशच्या टोकाला लालसर भुकटी आली. “पूजा केली व्हती का मावशी?”

“पूजा खोक्याची केली,” कस्तुराबाई म्हणाल्या. “मोबाइलला बोट न्हाई लावलं. सील पॅक व्हता. आमच्या विश्वजीतनं भर मांडवात सील फोडून हिच्या हातात दिला.”

हिच्या म्हणजे अपेक्षाच्या. केंदूरची अपेक्षा ही कस्तुराबाईंची होणारी सून. साखरपुड्यात मुलीला अंगठीच्या जोडीनं मोबाइल द्यायची आता रीतच पडली आहे. अंगठी कुणी निरखत नाही, मोबाइल मात्र हातोहात फिरतो. आज दोन्हीकडची मंडळी लग्नाच्या कापडांचा बस्ता फाडायला शिरूरला आली होती. बाकीचे समोरच्या कापडदुकानात गाद्यांवर जाऊन बसले, आणि साड्या बघण्याआधी सुनेच्या मोबाइलला चांगली काच टाकून द्यायची हौस कस्तुराबाईंना आली. विश्वजीत मुकाट्यानं मागून आला.

मुकाट्यानं, कारण त्याला माहीत होतं. मोबाइल कुणीतरी वापरून टाकलेला, डागडुजी करून परत विकायला काढलेला होता. दौंडच्या एका दुकानदारानं खोक्याला नवं प्लास्टिक चढवून दिलं होतं आणि वर म्हणाला होता, कुणाच्या बापाला कळत नाही. बापाला नसेल कळत. पण कुणा बाईनं दसऱ्याला मनोभावे लावलेलं कुंकू जाळीत जाऊन बसलं होतं, ते त्या शहाण्यालाही दिसलं नव्हतं.

“खोक्याला लावलं, तर मग आत कुठनं आलं?” सलमाननं मोबाइल उलटा करून दिव्याखाली धरला. खालच्या दोन स्क्रूंवरून त्यानं नख फिरवलं. त्यांची डोकी झिजली होती. “मावशी, ह्यो मोबाइल तर…”

“मी लावलं,” अपेक्षा म्हणाली.

विश्वजीतनं दचकून तिच्याकडे पाहिलं.

“घरी नेल्यावर देवापुढं ठिवला व्हता, तवा लावलं. आत जातं म्हणून म्हाईत नव्हतं, आत्या.”

कस्तुराबाईंचा चेहरा फुलला. “बघ रं विश्वजीत. ह्याला वळण म्हंत्यात.”

सलमाननं एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा मुलाकडे. धंद्यात बसून त्यानं माणसंही बरीच पाहिली होती. “जातं कवाकवा आत,” तो म्हणाला आणि काच बसवायला लागला.

विश्वजीतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दोन माणसं आपल्यासाठी खोटं बोलली, त्यातलं एक तर पार परकं. आपण मात्र खरं बोलायला अजून तोंड उघडलं नाही. त्याला सलमानकडेही बघवेना.

बाहेर आल्यावर कस्तुराबाई लगबगीनं रस्ता ओलांडून गेल्या. ही दोघं अलीकडेच थांबली.

“अपेक्षा, मी तुला…”

“साखरपुड्याच्या रातीच दिसलं मला,” ती म्हणाली. “मोबाइलमधीच दाखवत व्हतं. गॅरंटी संपल्याली.”

“मग बोलली का न्हाईस?”

“तुम्ही सांगताल म्हणून.”

ती चिडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती चिडली नव्हती. “घरी कुणाला बोलले न्हाई मी. आप्पांना तर कळूच द्यायचं न्हाई. जावयानं दिला म्हणून गावभर दाखवत्यात.”

“तुझ्या ताईला तिच्या नवऱ्यानं दिला, तसाच तुला द्यायचा व्हता मला,” तो खाली बघत म्हणाला. “तेवढी ऐपत न्हाई माझी.”

“मग तसं म्हणायचं. साधा घेतला आसता मी.”

एक एसटी हॉर्न वाजवत डेपोकडे वळली.

“मोबाइलचं जाऊ द्या,” अपेक्षा म्हणाली. “पर आजून कायी आसं नवं म्हणून दिलं आसल, तर आत्ता सांगा. बस्ता फाडायच्या आत.”

विश्वजीतनं समोर पाहिलं. कापडदुकानात तिचे वडील त्याच्या वडिलांना आग्रहानं चहा देत होते. मुलगी बघायच्या कार्यक्रमात त्याचे मामा म्हणाले होते, पोरगा रांजणगावला कंपनीत पर्मनंट हाय. सगळेच असं सांगतात. ते ऐकून तिच्या वडिलांनी पुढं काही विचारलंच नव्हतं, आणि त्यानं नुसती मान खाली घातली होती. सगळ्यांना तो लाजला असं वाटलं होतं.

“या की आता,” दुकानाच्या पायरीवरून कस्तुराबाईंनी हाक मारली. “शालू काढलाय बघा.”

अपेक्षा निघाली.

“मी पर्मनंट न्हाई,” तो म्हणाला. “ठेकेदाराकडं हाय. कवाबी काढत्याल.”

रस्त्यावर टाकलेलं पाऊल तिनं मागं घेतलं. पलीकडून कस्तुराबाई हातानं बोलावत होत्या. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

“ह्ये मला म्हाईत नव्हतं,” ती म्हणाली.