लाल कागदाचं बटण
अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या एका शाळेत दरवर्षी चौथीची मुलं थोरामोठ्यांच्या वेशात पुतळ्यासारखी उभी राहतात. प्रत्येकाच्या तळहातावर लाल कागदाचं बटण चिकटवलेलं असतं. पालकांनी ते दाबलं की पुतळा आपली गोष्ट सांगतो. टालिया यंदा स्वतःच्या आजीचा पुतळा झाली होती, कारण एकेकाळी फक्त गोऱ्यांच्या असलेल्या या शाळेत आलेली पहिली काळी मुलगी तिची आजीच. बटणही आजीनेच येऊन दाबलं. “शाळेच्या पहिल्या दिवशी छान ऊन पडलं होतं. मला शाळा खूप आवडली,” एवढं बोलून टालिया थांबली. “अगं, आणि फाटकात जमलेली माणसं? माझ्या फ्रॉकवर थुंकली ती?” आजीने विचारलं. “ते बाईंनी काढायला लावलं, आजी.” बाई मागेच उभ्या होत्या. “नवा कायदा आहे हो,” त्या हळूच म्हणाल्या. “काळ्या-गोऱ्यांचा विषय निघाला, एखाद्या मुलाला अपराधी वाटलं आणि घरून तक्रार आली, तर माझी नोकरी जाते. बाकी सगळं ठेवलंय ना मी, अगदी ऊनसुद्धा.” “ऊन होतं खरं,” आजी म्हणाली. “थुंकी त्यातच वाळली.” मग तिने नातीच्या हातावरचं बटण अलगद सोडवलं, बाईंच्या तळहातावर चिकटवलं आणि अंगठ्याने दाबलं. “बोला, बाई.” आसपासचे पुतळेसुद्धा माना वळवून बघायला लागले. आजीने अंगठा उचलला नाही.