चोंबडी काच

श्रीरंगरावांचा चेंडू जमिनीला न शिवता थेट पलीकडच्या काचेवर थडकला. पॅडेल या काचबंद कोर्टावरच्या टेनिससारख्या खेळात असा चेंडू बाद. तरी जाळीपलीकडून त्यांची बायको नंदिनी ओरडली, “आत! काय मारलात हो!”

पण या नव्या कोर्टाची काच मोठी चोंबडी. ती चेंडू सोडून बोलणाऱ्याचे डोळे वाचायची. “बाद,” काच म्हणाली. “बाईंनाही बादच दिसला. खोटं बोलल्या.”

श्रीरंगरावांनी रॅकेट खाली घेतली. आजारपणानंतर ते तिला रोज हरवत होते, हात सुधारतोय या आशेवर जगत होते.

“म्हणजे जुन्या कोर्टावर रोज हेच?”

“अहो, एखाददुसरा पॉइंट...”

काच खाकरली.

“राहू दे. डॉक्टर खरं काय म्हणाले? बरा होणार ना मी?”

नंदिनीने तोंड उघडलं, काचेकडे पाहिलं, आणि येऊन त्यांचा दंड धरला. “आधी बाहेर चला. मग सांगते.”