फोमची गादी

टीव्ही खोक्यात सुखरूप राहावा म्हणून भोवतीचा फोम आखण्यात त्याची हयात गेली होती. आईने अंथरूण धरलं तेव्हा त्याने कारखान्यातून फोम आणून तिच्या वजनानुसार गादी कापली. "मला पॅक करून कुठे पाठवतोस रे?" म्हणून आई हसली होती. तीन महिन्यांनी तिच्या पाठीला जखमा झाल्या. "गादी दगडासारखी लागतेय त्यांना," नर्स म्हणाली. त्याला पटेना. आईला उचलून तो वजनकाट्यावर उभा राहिला आणि त्याने आपलं वजन वजा केलं. गादी पन्नास किलोंसाठी होती. आई चौतीसच भरली. जड वस्तूचा फोम हलक्या वस्तूखाली दबत नाही, हे तो नव्या माणसांना शिकवायचा. "चौतीस गं, आई. उद्याच मऊ फोम आणतो." "आण. पण तीसच धर," आई म्हणाली. "सारखा सारखा कुठे कापत बसशील?"