उद्या पडलेला माणूस

माळ्यावरच्या फळ्या काढता काढता लंबू शिडीवरून मागच्या मागे कोसळला आणि त्याचं डोकं रंधा मशीनच्या पायावर आपटलं. आवाज असा आला की फर्निचरवाल्याच्या हातातली टेप गळून पडली. पण तो धावत पोचेपर्यंत लंबू उठून बसला होता आणि वर हसत होता.

"काही नाही, दाजी. फळी शाबूत आहे."

रक्त नव्हतं. कानामागे टेंगूळ तेवढं आलं होतं. फर्निचरवाल्यानं मेव्हण्याला नव्या सोफ्यावर बसवलं, पाणी पाजलं, आणि मग त्याला विमा आठवला. सुट्टीचा दिवस होता, कारागीर सगळे घरी. त्या सगळ्यांचा अपघात विमा होता, त्याशिवाय कारखान्याला परवानगीच मिळत नव्हती. लंबूचा तेवढा नव्हता. बायकोचा सख्खा धाकटा भाऊ, त्याचा कसला विमा उतरवायचा!

त्यानं बाहेर जाऊन विमा एजंटाला फोन लावला.

"एक नाव वाढवायचंय. आजच्या आज."

"आज घातलं तर उद्यापासून लागू. कोणाचं?"

"मेव्हण्याचं. इथंच काम करतो."

"आणि आजवर नव्हतं? अहो साहेब, नात्याचा असो की परका, तुमच्याकडे राबतो तो कामगार. त्याला काही झालं तर दवाखाना, भरपाई, वर दंड, सगळं तुमच्या बोकांडी बसेल. कारखान्याला टाळंसुद्धा लागेल. कोणाला लागलंबिगलं नाही ना?"

"छे छे!"

"लागलं असेल तर आधी दवाखाना गाठा. बाकीचं मागाहून निस्तरता येतं."

"नाही म्हणतोय ना! नाव तेवढं घाला."

आत येऊन तो लंबूसमोर उकिडवा बसला.

"फार दुखतंय का रे?"

"ठणकतंय थोडं."

"मग असं करू. उद्या सकाळी डॉक्टरकडे जाऊ. आणि सांगायचं, की आजच पडलो. म्हणजे उद्या. कळलं ना?"

लंबूनं डोळे मिटून घेतले. "उद्या पडलो. त्यात काय, दाजी. तुम्ही म्हणाल तसं."

थोड्या वेळानं बायको पॉलिशचे नवे डबे घेऊन आली.

"हा का आडवा झालाय?"

"डोळा लागलाय त्याचा. झोपू दे जरा."

तिनं जुना शर्ट अंगावर चढवला आणि खुर्च्यांच्या पायांना पॉलिश मारायला बसली. फर्निचरवाला समोर एक बिजागरी घेऊन बसला. तोच स्क्रू पिळायचा, तोच सोडायचा. सगळा जीव कानांत गोळा झाला होता. लंबू घोरत होता. असं घोरणं त्यानं कधी ऐकलं नव्हतं. ओलं, खोल आणि मध्येच तुटणारं. तुटलं की याचाही श्वास अडकायचा. झोप आली म्हणजे बरंच वाटत असणार, असं तो मनाला बजावत होता, आणि मन काही ऐकत नव्हतं.

शेवटी न राहवून तो उठला.

"लंबू. ए लंबू."

एकच पापणी अर्धवट उघडली. "दाजी, शिडी लावू का?" आणि तेवढं बोलून लंबू भडाभडा ओकला.

बायकोच्या हातातलं फडकं पडलं. "अहो, काय झालंय याला?"

त्यानं मेव्हण्याला खांद्यावर घेतलं.

टेम्पोत मागे ती भावाचं डोकं मांडीवर घेऊन बसली. तो तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता.

"उद्या पडलो, उद्या पडलो, असं बरळतोय हो हा. म्हणजे काय?"

फर्निचरवाल्यानं हॉर्नवर हात दाबला तो उचललाच नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पापण्या उचलून बॅटरी मारली. "कधी पडले हे?"

"पडला नाही हो," बायको म्हणाली. "झोपला होता."

आत्ताच, येता येता पडला, असं म्हणता आलं असतं. शब्द ओठांवर आलेही होते.

"लवकर सांगा," डॉक्टरीणबाई ओरडल्या. "पडून किती वेळ झाला त्यावर सगळं आहे."

"दुपारी," फर्निचरवाला म्हणाला. "जेवणाच्या आधी. शिडीवरून. माझ्या कारखान्यात, काम करताना."

"आणि आत्ता आणताय? तुम्ही यांचे कोण?"

बायकोकडे बघायचा त्याला धीर झाला नाही.

"मालक," तो म्हणाला.

स्ट्रेचर आत गेलं. बाहेरच्या बाकावर त्यानं बायकोला सगळं सांगितलं, फोनसकट. आतलं दार हललं की दोघंही उठून उभी राहत, आणि दुसरंच कोणी बाहेर आलं की पुन्हा बसत. दर वेळी ती थोडी लांब बसत होती.

दिवे लागायच्या सुमाराला डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. डोक्यात साकळलेलं रक्त काढलं होतं. जीव वाचला होता. उजवा हात कितपत चालेल, ते आत्ताच सांगता येणार नव्हतं.

फर्निचरवाला ओंजळीत तोंड लपवून रडू लागला. ती रडली नाही. नखांत वाळून बसलेलं पॉलिश दुसऱ्या नखानं खरवडत राहिली.

"अहो," मान वर न करता तिनं विचारलं, "त्या विम्यात माझं नाव आहे का?"